पाच तारे आणि अब्बांचा दात

आमच्या घरात ऊस कधी आला नाही. पेरू आला तर अम्मी तो चिरून, बिया काढून, मऊ असेल तेवढाच गर ताटात ठेवायची. चिक्की, फुटाणे, मक्याचं कणीस, नळीचं मटण हे सगळं आम्ही भावंडं दुसऱ्यांच्या दारात खायचो आणि तोंड पुसून घरी यायचो. अब्बांनी मनाई केली होती म्हणून नव्हे, त्यांच्यासमोर खाल्लं तर त्यांना मोह होईल म्हणून. ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाचा सगळा संसार त्याच्या पुढच्या दातांवर उभा असतो. दातावर ओठ टेकतो, ओठावर बाजा टेकतो, आणि त्या बाज्यावर आम्ही सगळे टेकलेलो. लग्नसराईत बाकीच्या घरात बायका सोनं सांभाळतात, आमच्या घरात अम्मी अब्बांचे दात सांभाळायची. भाकरी कालवणात कुस्करूनच वाढायची, आणि पाहुण्यांकडं जेवायला गेलो तर आधी स्वयंपाकघरात डोकावून मटण शिजलंय का बघून यायची. लोक म्हणायचे, बँडमास्तरांची बायको फार चौकस आहे. कप्पाळ! तिला काय हौस होती?

पिंपरी स्टेशनच्या मागं आमचं बँडचं दुकान आणि दुकानामागं घर. दुकानात खिळ्यांना लाल कोट लटकलेले, खांद्यांवर सोनेरी झालरी. सराई नसली की त्या कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा आणि आमच्या चहालासुद्धा. सकाळी कंपन्यांचे भोंगे व्हायचे, पाठोपाठ मालगाडी खडखडत जायची, आणि तिचा आवाज विरला की अब्बा एकच सूर धरायचे, लांब आणि सरळ. अम्मी त्या सुराच्या बेतानं भाकरी थापायची. घरात आम्ही हिंदी-मराठीची खिचडी बोलायचो. इथं मी सरळ मराठीत लिहितेय. अब्बा असते तर म्हणाले असते, "शमू, मूळ चाल बदललीस." आणि चाल बदलणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता.

त्यांची शिकवायची पद्धत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नवीन गाणं आलं की अब्बा रेकॉर्ड प्लेअरशेजारी मांडी घालून बसायचे, एक कान पुढं काढून. एक ओळ ऐकायची, पिन उचलायची, ओळ वाजवायची. चुकली की पिन परत मागं. आपलं बसलं की मग माझ्या थोरल्या भावाला, रफिकभाईला, क्लॅरिनेटवर बसवायचे, मग मोठा बाजा, मग ताशा, शेवटी ढोल. सूर लिहिणं-वाचणं कुणाला येत नव्हतं, सगळं पाठ. एका गाण्यात गाणारीनं मधेच हुंदका दिला होता, तर आमच्या क्लॅरिनेटनं तो हुंदकाही पाठ केला होता. माशीला माशी. नवा पोरगा कुणी बँडमध्ये आला आणि त्यानं हौसेनं एखादी हरकत आपल्या पदरची घातली, की अब्बा वाजवणं थांबवून विचारायचे, "ही रेकॉर्डमध्ये आहे का?" नाही म्हटल्यावर, "मग तुझ्या घरी वाजव. वरातीतली माणसं रेकॉर्ड ऐकायला आलीत, तुला नाही."

त्या वर्षी अब्बांचा वरचा एक दात हलायला लागला. आधी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्यांच्या रुमालाला लवंगेच्या तेलाचा वास यायला लागला आणि अम्मीला कळलं. दुसरीकडं रफिकभाई. तो दिवसा कंपनीत लाइनवर कामाला होता, टेंपररी. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा साहेबांच्या दारात उभं राहणं. त्याचं लग्न ठरलेलं होतं आणि ठरूनच राहिलं होतं. मुलीचे वडील चांगले होते, पण स्पष्ट होते. "पोरगा कायम झाला की तारीख धरू," म्हणायचे. म्हणजे दात जायच्या आत भाऊ कायम व्हायला हवा होता, नाहीतर घरात ना बाजा राहणार होता ना पगार. हे कुणी बोलून दाखवत नसे. पण अब्बा चूळ भरायला उठले की आम्ही सगळे कान देऊन बसायचो, काही पडल्याचा आवाज येतो का म्हणून. हसू नका, खरंच बसायचो.

अशात साहेबांचं बोलावणं आलं. साहेब म्हणजे रफिकभाईच्या कंपनीतले मोठे साहेब. त्यांच्या मुलीच्या लग्नात आमचा बँड वाजला होता. प्राधिकरणाच्या वसाहतीत बंगला, आणि बंगल्यात एक अख्खी भिंत रेकॉर्डींची. सगळी जॅझ. हा शब्द आमच्या घरात तोवर फक्त वाद्यांच्या दुकानातल्या एका जुन्या जाहिरातीत पाहिलेला. मी कॉलेजात जायचे आणि घरात इंग्रजी वाचणारी एकटीच होते, म्हणून अब्बा मला बरोबर घेऊन गेले. साहेब म्हणाले, "मास्तर, चाकणला आपला नवा प्लांट सुरू होतोय. बाहेरचे पाहुणे येणारेत. लेझीम आणि फेटे सगळेच दाखवतात. त्यांच्यातला मोठा माणूस जॅझचा वेडा आहे. तुम्ही त्याला हे वाजवून दाखवायचं." आणि त्यांनी भिंतीतून एक रेकॉर्ड काढली. कव्हरवर रिकामी खुर्ची, खुर्चीवर ट्रम्पेट ठेवलेलं. "नव्या माणसानं जॅझ ऐकायला सुरुवात करायची तर हिच्यापासून. जगातल्या सगळ्या समीक्षकांनी हिला डोक्यावर घेतलंय. पाच तारे! माझ्याकडं दोन प्रती आहेत, ही तुम्ही घेऊन जा."

अब्बांनी ती दोन्ही हातांनी घेतली. मग घसा साफ करून म्हणाले, "साहेब, आमच्या रफिकचं..."

"बघतो," साहेब म्हणाले. "कार्यक्रम नीट होऊ द्या. बघतो मी."

साहेब लोकांचं हे 'बघतो' मोठं अवघड असतं. त्यात हो पण असतं आणि नाही पण. बसमधून परत येताना अब्बा तो एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होते. कुठल्या सुरात साहेब बोलले होते ते पाठ करत होते बहुतेक.

घरी पहिल्यांदा ती रेकॉर्ड लावली, तो प्रसंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. ना मुखडा, ना अंतरा. ट्रम्पेट हळू आवाजात काहीतरी म्हणतं, थांबतं, पुन्हा दुसरंच म्हणतं. मागं कुणीतरी झाडू मारल्यासारखं ड्रमवर घासतंय. अम्मी चुलीपासून म्हणाली, "गाणं कधी सुरू होणार?" रफिकभाई म्हणाला, "अम्मी, संपलं." अब्बा मात्र हलले नव्हते. "पुन्हा लाव," एवढंच म्हणाले. मग मला कव्हरच्या मागचं वाचायला सांगितलं. साहेबांनी एक परदेशी मासिकही दिलं होतं, त्यातही तिच्यावर लिहिलेलं. मी शब्दकोश मांडीवर घेऊन, अडखळत सांगत गेले. हा बाजा कसा, तर रिकाम्या घरात माणूस स्वतःशी बोलतो तसा. अब्बांना पटलं, त्यांनी मान हलवली. पुढं लिहिलं होतं की वाजवणारे खोलीत आले तेव्हा त्यांचं काही बसवलेलं नव्हतं. त्या वेळी जे सुचलं ते वाजवलं, ते आधी कधी वाजलं नव्हतं आणि पुन्हा तसं वाजणार नाही, म्हणून ही थोर.

"पुन्हा वाजणार नाही?" अब्बा म्हणाले. "मग लोक रेकॉर्ड कशाला घेतात? परत परत वाजते म्हणूनच घेतात ना?"

हा प्रश्न मला आजही पडतो. आमची सना, म्हणजे रफिकभाईची मुलगी, आयटीत आहे आणि मारुंजीला भाड्यानं राहते. तिला हल्ली या जॅझचं खूळ लागलंय. मोबाइलवर याद्या दाखवते. सर्वांत गाजलेले अल्बम, नवीन श्रोत्यांनी कुठून सुरुवात करावी, कुणाला किती तारे. "फुफी, सगळ्या याद्यांत ही खुर्चीवाली वरच आहे गं," म्हणते. मी म्हणते, असू दे बापडी. समीक्षक लोकांचंही अम्मीसारखंच असतं, जेवायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावून येतात. पण जेवावं आपल्यालाच लागतं.

तर अब्बांनी ती रेकॉर्ड शिकायला घेतली. आमच्या पद्धतीनं. एक ओळ ऐकायची, पिन उचलायची. परदेशातल्या एका माणसाला त्या क्षणी जे सुचलं होतं ते आमच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ घोटलं जाऊ लागलं. एक बरं होतं, तिच्यात जोर लावायचा नव्हता. हळू वाजवायचं होतं. "ही माझ्या दातासाठीच काढलीय," अब्बा म्हणायचे. आणि त्या रेकॉर्डमध्ये एक जागा होती. ट्रम्पेट एक छोटा तुकडा वर नेतं, जरा विचारल्यासारखा. मग तोच तुकडा पुन्हा. मग तिसऱ्यांदा. आणि मग सोडून देऊन पुढं जातं. अब्बा तिथं आले की डोळे मिटायचे. "बघ, बघ. एकदा विचारलं, उत्तर नाही. दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं आणि चालता झाला. याच जागेला तारे दिलेत त्या लोकांनी."

रफिकभाई एकदा म्हणाला होता, "अब्बा, पिन तर अडकत नाही ना?"

"अडकली असती तर हात लावल्याशिवाय सुटली असती का? तू कधी बघितलीस आपोआप सुटताना? दर वेळी तीनदाच होतं." यावर कुणाचं काय चालणार? आमच्या घरात पिन अडकणं सगळ्यांना माहीत होतं, आणि ती अडकली की अडकूनच राहते. ढोलवाल्यानंही तिथं तीन हलक्या थापा बसवल्या, मोठ्या बाज्यानं तीनदा खालचा सूर धरला. अख्ख्या रेकॉर्डमध्ये तीच जागा सगळ्यात पक्की बसली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मासिक परत द्यायला मी साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब स्वतः खुशीत होते, उद्याच्या तयारीत. बाईंनी खारी आणि चहा दिला. आत तीच रेकॉर्ड लागली होती, त्यांची दुसरी प्रत. मला प्रत्येक सूर पाठ, मी मनात पुढं पुढं चालले होते. ती जागा आली. ट्रम्पेटनं तो तुकडा वर नेला, एकदा. आणि सरळ पुढं निघून गेलं.

खारी माझ्या हातातून चहात पडली. मला वाटलं मीच कुठंतरी चुकले. मी धीर करून म्हटलं, "साहेब, मघाची जागा पुन्हा ऐकवता?" ते इतके खूश झाले! उठून त्यांनी पिन मागं नेली. पुन्हा तेच. एकदाच. "सुंदर आहे ना? पुसटसा प्रश्न विचारतो आणि थांबत नाही," साहेब म्हणाले. मी मान हलवली. काय बोलणार? की साहेब, आम्हाला तुम्ही ओरखडा दिलात आणि आमच्या बापानं तो पाठ केला?

घरी आले तर सगळा बँड जमलेला. अब्बा नव्या नवरीसारखे लाजत हसत होते, इतकं सगळं पक्कं बसलं होतं. "शमू, माशीला माशी!" मला ते ऐकवेना. मी रफिकभाईला मागच्या दाराशी ओढलं आणि सांगितलं. त्यानं गळणारा नळ पिळून बंद केला. मग म्हणाला, "अब्बांना सांगू नको."

"अरे, साहेबांना एकेक सूर पाठ आहे! पाहुण्यालाही असणार. भर मांडवात हसतील."

"आणि सांगितलं तर? दहा माणसांच्या हातात ते बसलंय. आता काढायला गेलो तर सगळंच विस्कटेल. मोठा बाजा तीनदा धरणार आणि अब्बा पुढं जाणार, मग? माझं कायम होणं गेलं चुलीत शमू, पण त्यांनी याच जागेला तारे लावलेत."

माझा भाऊ असा होता. रडला नाही, पण त्याचा आवाज क्लॅरिनेटची पत्ती फाटल्यावर येतो तसा आला. मी चिडले त्याच्यावर. मला वाटत होतं, माणसाला लोकांनी हसण्यापेक्षा घरच्यांनी सांगितलेलं बरं. रात्रभर मी कूस बदलत होते आणि पलीकडं अम्मी. सकाळी डब्यात शिरा भरताना ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "जे काय आहे ते त्यांना आधी सांग. त्यांना मागून कळलेलं सोसत नाही." तिला काय कळलं होतं कोण जाणे, पण मला तेवढं पुरलं.

टेम्पोत सगळे लाल कोट घालून दाटीवाटीनं बसले होते, मधे ढोल. इंग्रजीला असू दे म्हणून मलाही घेतलं होतं. रस्त्यावर कंटेनरची रांग आणि धूळ. कुरुळीला चहाला थांबलो. तिथं बबनराव भेटले. नवा प्लांट ज्या शेतावर उभा राहिला ते त्यांचं शेत. त्यांच्या थोरल्याच्या लग्नात आमचाच बँड होता. त्यांनाही बोलावणं होतं, नव्या फेट्यात ताठ उभे होते. "मास्तर, आज काय वाजवनार? त्ये साहेब म्हनत्यात काहीतरी विलायती हाय."

"व्हय बबनराव," अब्बा हसून त्यांच्याच बोलीत म्हणाले, "विलायती हाय. तुमी फकस्त ऐका."

सगळे चहाकडं वळले तेव्हा मी अब्बांना टेम्पोच्या आडोशाला घेतलं आणि एका दमात सांगून टाकलं. साहेबांच्या घरची प्रत, एकदाच वाजलेला तुकडा, ओरखडा, सगळं. अब्बांनी चहाचा ग्लास टेम्पोच्या फाळक्यावर ठेवला. खिशातून लवंगेच्या तेलाची बाटली काढली, बोटानं दाताला लावलं. मला वाटलं आता हे म्हणणार परत चला.

"अडकली होती," ते शेवटी म्हणाले.

"हो अब्बा."

"आणि मी म्हणत होतो..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. बाटलीचं बूच घट्ट लावलं. "त्या कव्हरवर काय लिहिलं होतं गं? ते पुन्हा सांग."

मी सांगितलं. आधी वाजलं नव्हतं, पुन्हा तसं वाजणार नाही.

"हं," म्हणाले. ग्लास उचलून उरलेला चहा संपवला, आणि टेम्पोत चढल्यावर सगळ्यांना एवढंच सांगितलं, "त्या जागी कुणी पुढं जाऊ नका. माझ्याकडं बघा." रफिकभाईनं माझ्याकडं बघितलं. सांगितलंस? मी मान हलवली. पुढचा रस्ता त्यानं क्लॅरिनेटचं एकच बटण दाबत आणि सोडत काढला.

मांडव भला मोठा होता. पुढच्या सोफ्यांवर पाहुणे, शेजारी साहेब. मागं खुर्च्यांवर गावचे लोक, बबनरावांचे भाऊबंद, आणि अगदी मागं उभे असलेले कामगार. रफिकभाईच्या लाइनवरचे कितीतरी जण होते. भाषणं झाली, नारळ फुटला, साहेबांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि सोफ्यावरचा मोठा माणूस एकदम पुढं सरकून बसला. म्हणजे नाव सांगितलं होतं रेकॉर्डचं. आता सुटका नव्हती.

अब्बांनी सुरू केलं. लाल कोटातला तो जाडसर माणूस आणि त्याच्या बाज्यातून येणारा तो हळू, एकटा सूर. साहेबांनी डोळे मिटले. मोठा पाहुणा मान डोलवायला लागला. माझं लक्ष सुरात नव्हतंच, मी वाट बघत होते, परीक्षेच्या निकालाची बघावी तशी. गावची मंडळी मात्र मयताला बसल्यासारखी बसली होती. एकाही सुरावर त्यांना काय करायचं ते कळत नव्हतं.

ती जागा आली. अब्बांनी तुकडा वर नेला, एकदा. आणि पुन्हा नेला. साहेबांचे डोळे खाडकन उघडले. तिसऱ्यांदा. ढोलाच्या तीन थापा पडल्या, आणि मी बघितलं, साहेबांचा हात सोफ्यावरून नकळत पुढं आला होता, दोन बोटं जुळलेली, पिन उचलायला जातात तशी. त्यांना कळलं होतं. मी डोळे मिटून घेतले. या अल्ला, आता पुढं जा अब्बा, पटकन पुढं जा.

अब्बा पुढं गेले नाहीत. त्यांनी तो तुकडा चौथ्यांदा घेतला, आणि त्याचा शेवट खाली वळवला. पाचव्यांदा घेतला तेव्हा तो मला ओळखीचा वाटायला लागला. वरात मुलीच्या दारातून निघते तेव्हा अब्बा जे वाजवायचे, त्याचा वळसा त्यात आला होता. माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा रेकॉर्डमध्ये नसलेला सूर लावला होता, तोही भर मांडवात, साहेबांसमोर, हलत्या दातानं. ढोलवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याची थाप चालायला लागली. आणि मग क्लॅरिनेट. रफिकभाई, ज्यानं हुंदकासुद्धा पाठ करून दिला होता, तो अब्बांच्या तुकड्याला उत्तर देत होता. अब्बा विचारायचे, तो सांगायचा. अब्बा चिडवायचे, तो उलटून बोलायचा. घरात इतकं ते दोघं कधी बोलले नाहीत. मागं गावची माणसं हलायला लागली, कामगारांतून कुणीतरी शीळ घातली, आणि बबनराव मोठ्यांदा म्हणाले, "आत्ता! आत्ता सुटली गाडी!" मी हसत होते आणि माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग अब्बांनी तो मूळ तुकडा घेतला, साधा, एकदाच, आणि रेकॉर्ड जिथं पुढं जाते तिथून शेवटपर्यंत वाजवून बाजा खाली ठेवला. ओठावर रक्त होतं.

साहेब उठून आले. टाळ्या चालूच होत्या, पण आम्हाला त्या ऐकू येत नव्हत्या, आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते हळूच म्हणाले, "मास्तर, मी तुम्हाला अडकणारी प्रत दिली ना? माझ्या लक्षातच राहिलं नाही हो."

"आम्हाला तीच जागा सगळ्यात आवडली होती साहेब," अब्बा रुमाल तोंडाला लावून म्हणाले. त्यात तक्रार नव्हती.

साहेबांनी रफिकभाईकडं वळून बघितलं. मग म्हणाले, "रफिकला सोमवारी टाइम ऑफिसला पाठवा." या वेळी 'बघतो' नव्हतं.

परतीच्या वाटेवर, टेम्पोत, अब्बांचा दात त्यांच्या हातात आला. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला आणि हसले, "बेटा वेळेवर सुटला!" आम्हीही हसलो. घरी अम्मीनं दात बघितला आणि बातमी ऐकली, आणि तिला आधी कशाचं रडू आलं ते तिलाच कळलं नाही. पुढं नकली दात बसवला, पण त्यावर सूर ठरेना, फुस्स करून निसटायचा. रफिकभाई कायम झाला, तारीख धरली गेली, आणि त्याच्या स्वतःच्या लग्नात दुसऱ्याचा बँड आणला. मग तिन्ही शिफ्ट, ओव्हरटाइम, मुलं. क्लॅरिनेट कपाटात गेलं. लाल कोट भाड्यानं गेले ते परत आले नाहीत. अब्बांनी घरातली तीच मऊ भाकरी आणखी कितीतरी वर्षं खाल्ली, आता दातासाठी नव्हे, सवयीनं. त्या दिवसाबद्दल बाप-लेक पुन्हा कधी बोलले नाहीत. कुणाला दोष द्यायचा? आम्ही सगळ्यांनी मिळून जे मागितलं होतं तेच मिळालं होतं. मला त्या संध्याकाळी इतका आनंद झाला होता, आणि कधीकधी त्या आनंदाचाच मला राग येतो. कव्हरवर लिहिलं होतं ते त्या परदेशातल्या लोकांबद्दल होतं. खरं मात्र आमच्या घराबद्दल झालं.

परवा सना आली होती, रविवारची. रफिकभाई आता रिटायर झालाय, आतल्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडतो. टीव्हीवर गाणं लागलं तर आवाज बंद करतो, का ते आम्ही विचारत नाही. सनाची तीच पिन, "फुफी, सांग ना, कुठून सुरुवात करू? यादीतली पहिली घेऊ की सोपी घेऊ?" मी उठले, माळ्यावरून ती खुर्चीवाली काढली, प्लेअर पुसला आणि लावली. इतक्या वर्षांची धूळ, खरखर होतीच. सना शहाण्यासारखी मांडी घालून बसली. ती जागा आली. तुकडा वर गेला, एकदा, दोनदा, तीनदा. आणि चौथ्यांदा. पाचव्यांदा. आता मात्र ती सुटत नव्हती. म्हातारी झाली बिचारी, खरोखरची अडकली.

सना पिन उचलायला वाकली, आणि आतल्या खोलीतून आवाज आला. रफिकभाई गुणगुणत होता, पेपराखालून, अगदी हळू. चौथ्या वेळचं ते खाली वळणं. पाचव्यातला वरातीचा वळसा. मग त्याचं स्वतःचं उत्तर. मग अब्बांचं चिडवणं. एकही सूर इकडचा तिकडं नाही, माशीला माशी. तीस वर्षं हा माणूस ते पाठ धरून शिफ्टला जात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

सनाचा हात पिनेवरच थांबला होता. "फुफी," ती कुजबुजली, "हे कुठल्या अल्बममध्ये आहे?"

मी तिचा हात धरून मागं घेतला. "गप बस," म्हटलं. "सुरुवात इथून कर."